साबणानं धुतलेले दगड

रविवारी सकाळी गावंडे सरांकडे कोणी गेलं, तर सर फळ्यासमोर नसायचे. मागच्या अंगणात नळाजवळ पाट टाकून, पायजमा गुडघ्यापर्यंत सारून बसलेले असायचे. पुढ्यात बादली, एका हातात दगड आणि दुसऱ्या हातात दात घासायचा जुना ब्रश. अकरावी-बारावीची पोरं वह्या छातीशी धरून भिंतीला टेकलेली असायची. कोणी घड्याळाकडे पाहिलं की सर मान वर न करता म्हणायचे, "दगड झाले का मंग गणित. ज्याले घाई हाय त्यानं दुसरा क्लास पाहावा. राजापेठेत काय कमी हायेत का?"

कमी नव्हतेच. अमरावतीच्या राजापेठेत एका क्लासची पोरं सुटली की दुसऱ्या क्लासच्या गाड्यांमध्ये अडकतात. त्या सगळ्या झगमगीत सरांच्या दारावर साधी पाटीसुद्धा नव्हती, तरी पोरं विचारत विचारत यायची. मी त्यांच्याकडे दुपारच्या बॅचला विज्ञान शिकवायचे आणि शेजारच्याच घरात भाड्यानं राहायचे. त्यामुळे फळ्यासमोरचे सर मला माहीत होते आणि नळासमोरचेही.

सरांच्या शर्टाचा खिसा कायम खडूनं पांढरा. आवाज असा की पुण्याची माझी एक मैत्रीण आली होती, ती दोन मिनिटं ऐकून मला हळूच म्हणाली, "हे कोणावर एवढे चिडलेत?" मी म्हटलं, चिडलेले नाहीत, आज खुशीत आहेत. पण या माणसानं कधी कोणाला 'चुकलं' म्हटलं नाही. वही परत द्यायचे आणि एवढंच म्हणायचे, "पुन्हा पाह्य." पोरगा पुन्हा पाहायचा, पुन्हा चुकायचा, पुन्हा तेच उत्तर. आणि सगळं जुळलं की सर म्हणायचे, "बरोबर हाय." बस. शाबासकी नाही, पाठीवर थाप नाही. पण ते 'बरोबर हाय' मिळालेलं पोरगं दिवसभर हवेत असायचं. फुकट दिलेलं 'बरोबर' मी तरी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. एकदाच ऐकलं. त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

दगड त्यांच्या मुलाचे होते. सुमित एकुलता एक, गणिताच्या मास्तरच्या घरी जन्मून गणितात कायम काठावर. त्याला वेड माशांचं. क्लासच्याच खोलीत, फळ्याच्या बाजूला, त्यानं काचेची मोठी टाकी मांडली होती. तिच्यात एकच मासा. ऑस्कर जातीचा, तळहातापेक्षा मोठा, काळा, अंगावर नारिंगी डाग. हा मासा काचेजवळ येऊन समोरच्या माणसाकडे रोखून बघायचा आणि तोंड उघड-मीट करत राहायचा. सुमितनं त्याचं नाव ठेवलं मास्तर. "पाहा ना मॅडम, हुबेहूब बाबा. आवाज तेवढा नाई," असं तो मला म्हणाला तेव्हा सर दोन हातांच्या अंतरावर फळा पुसत होते. पुसतच राहिले.

टाकीतले दगड सुमितनं कुठून कुठून वेचून आणलेले. चिखलदऱ्याच्या ओढ्यातले, अचलपूरकडच्या नदीतले, धामणगावच्या मामाच्या वावरातले. मी विज्ञानाची म्हणून तो मला सगळं समजावून सांगायचा. नवा दगड आणला की आधी त्याच्यावर लिंबू पिळायचं. फसफसला तर त्यात चुना आहे, टाकीत टाकायचा नाही. दगड धुवायचे ते टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, नुसत्या ब्रशनं. सगळे एका वेळी नाही. काही या रविवारी, काही पुढच्या. आणि साबण तर अजिबात नाही.

"त्याच्यावर जे चिकट असते ना मॅडम, ते सारं घाण नसते. त्याच्यात बारके जीव राह्यतात. माशाची घाण तेच साफ करतात. साबणानं ते मेले का पाणी नासते, अन साबण राह्यला तं मासाई जाते."

हे तो सांगायचा तेव्हा सर फळ्यावर पुढच्या बॅचची गणितं लिहीत असायचे. मधूनच पाठमोरे गुरगुरायचे, "एवढं ध्यान गणितात देल्लं असतं तं." कुसुमकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, क्लासच्या त्या पुढच्या खोलीत यायच्याच नाहीत. त्यांना त्या पाण्याचा वास सोसायचा नाही. त्यांचं राज्य स्वयंपाकघरात. काकूंची भांडी आमच्या गल्लीत प्रसिद्ध होती. पितळेच्या डब्यात बघून भांग पाडावा अशी.

परतवाड्याहून येताना सुमितच्या मोटरसायकलला ट्रकचा धक्का लागला. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही, लिहवतही नाही. त्याची सॅक मात्र घरी आली. तिच्यात एक टॉवेल होता आणि मुठीएवढा एक तांबूस दगड.

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर मागच्या अंगणात सर पाटावर बसलेले. समोर बादली. हातात तो तांबूस दगड आणि अर्धं लिंबू. दगडावर लिंबू पिळून ते डोळे बारीक करून बघत होते. मी उभीच राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "नाई फसफसला. चालते."

मग त्यांनी टाकीतल्या पाण्यात ब्रश बुडवून तो दगड घासायला घेतला. मी न राहवून विचारलं, "सर, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तो सांगून राह्यला होता ना तुमाले," सर म्हणाले. "मी काय बहिरा हाओ का?"

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. पोरानं सांगितलेला शब्द न् शब्द या माणसानं पाठमोरं उभं राहून ऐकला होता, आणि त्याला मात्र कधी कळू दिलं नव्हतं. मी डबा ओट्यावर ठेवून परत आले.

तेव्हापासून रविवार दगडांचा झाला. मास्तर सरांच्या हातून खायला लागला. तो मोठा खोडकर मासा होता, तोंडानं ढकलून दगड इकडचे तिकडे करायचा. सर पोरांना सांगायचे, "पाह्य, यानं पुन्हा गणित मोडलं," आणि बाही सारून दगड परत जागेवर ठेवायचे. जागा सुमितनं ठरवलेल्या. तांबूस दगड तेवढा सरांनी ठेवलेला, अगदी पुढे.

एकदा रविवारी एक बडे कंत्राटदार मुलाला घेऊन आले. पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या. सर दगड घासत होते. ते गृहस्थ बोलायला लागले, तसं सर म्हणाले, "हा धरा जरा," आणि ओला दगड त्यांच्या हातात दिला. मग दुसरा दिला. गृहस्थ दोन्ही हातांत दगड घेऊन उभे, शर्टावरून पाणी ओघळतंय, मुलगा गालातल्या गालात हसतोय. शेवटचा दगड झाल्यावर सर उठले, म्हणाले, "बोला आता." पोराला घेतलं त्यांनी. बापानं दगड खाली ठेवले नाहीत म्हणून घेतलं, असं मला नंतर म्हणाले.

या माशापायी सर कुठे मुक्कामाला राहत नसत. अकोल्याला त्यांची धाकटी बहीण. तिच्या मुलीच्या लग्नात मामा म्हणून उभे राहिले, अक्षता पडल्या आणि पंगत बसायच्या आत एसटी स्टँडवर. बहीण किती तरी दिवस बोलत नव्हती. सर म्हणायचे, "तिले सांगून काय समजन? घरी पोट्टा एकटा हाय, असं सांगू का?"

आणि काकू? काकू तर घरातच होत्या, मासा एकटा कसा, असं कोणी विचारलं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं. सुमित गेल्यापासून काकूंनी टाकीकडे पाहिलं नव्हतं. पुढच्या खोलीतून जायचं झालं तर पदर डोळ्यांवर ओढून, भिंतीच्या बाजूनं जायच्या. रविवारी स्वयंपाकघराचं मागचं दार लावून घ्यायच्या. सणवार बंद, हसणं बंद. भांडी तेवढी घासत राहायच्या. घासलेलीच पुन्हा घासायच्या. एका घरात दोन माणसं एकाच पोरासाठी झुरत होती आणि एकमेकांशी त्याचं नावही काढत नव्हती.

अशी वर्षं गेली. एका दिवाळीच्या तोंडावर अकोल्याच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि सरांना पहिल्यांदाच मुक्कामाला जावं लागलं. जाताना माशाचं खाणं माझ्याकडे सोपवून गेले. सकाळी मी खाणं घालून शाळेत गेले, तिथेही अर्धवेळ शिकवायचे. दुपारी परत आले तर सरांच्या घरातून काकूंची हाक आली. "मीना, ये वं इकडे. पाह्य तं."

आवाज ऐकूनच मी चपला न घालता पळाले. त्या आवाजात कित्येक वर्षांनी उत्साह होता.

पुढच्या खोलीत काकू टाकीसमोर उभ्या होत्या. पदर खोचलेला, केसांवर फेसाचा एक थेंब वाळलेला. टाकीतलं पाणी नवंकोरं, काच लख्ख, आणि तळाशी सगळे दगड पहिल्यांदाच आपापल्या खऱ्या रंगात. काळे, करडे, हिरवट. पुढे तो तांबूस.

"दिवायीचं सारं घर काढलं, म्हटलं हेच कावून बाकी राहावं," काकू म्हणाल्या. "सारे दगड काढले. कपड्याची पावडर टाकली बादलीत, काथ्यानं घासले एकएक. पोराचे दगड हायेत, कसे मयले होते पाह्य ना. आता त्यायले आल्यावर दाखवीन."

त्या हसत होत्या. मी टाकीकडे पाहिलं. मास्तर वरच्या कोपऱ्यात, एका अंगावर कलंडून, भराभर तोंड हलवत होता.

मी घरी येऊन सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे दवाखान्यातले आवाज येत राहिले. मग सर म्हणाले, "तिले काई बोल्ल्या तं नाई ना?"

"नाही."

"बोलू नका. मासा जाईन तं जाईन. मी येतो. पण तिले समजलं तं ती उठाची नाई मंग."

अकोल्याहून मिळेल ती एसटी धरून सर आले. दारात काकू उभ्याच होत्या, शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीसारख्या. सर चप्पल काढून टाकीसमोर गेले. बराच वेळ बघत राहिले. मासा त्यांना दिसला, मला दिसत होतं की दिसला.

"चांगलं झालं ना?" काकूंनी विचारलं.

आणि सर म्हणाले, "बरोबर हाय. एकदम बरोबर हाय."

मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या त्या चिडल्यासारख्या आवाजात, "मॅडम, हिले बजारात न्या बरं. पणत्या नाई आणल्या अजून. आरामात या."

मी काकूंना घेऊन निघाले. राजापेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. रांगोळीच्या गाड्या, लाह्या-बत्ताशे, आकाशकंदील. मी त्यांना या दुकानातून त्या दुकानात फिरवत राहिले, आणि त्या बोलत राहिल्या. कोणता दगड सुमितनं कधी आणला ते सगळं त्यांना पाठ होतं. धामणगावला मामाच्या वावरात तो लहानपणी दगड खिशात भरायचा आणि चड्डी खाली घसरायची, हे सांगताना त्या भर बाजारात थांबून हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. "मी त्याच्या वस्तूईले हात लावला नाई इतके दिवस. भेव वाटे," म्हणाल्या. "आज लावला तं लय बरं वाटलं वं." मी पणत्या निवडत होते. एकही धड दिसत नव्हती.

आम्ही परतलो तेव्हा सर टाकीशेजारी खुर्चीत बसलेले. शर्टाच्या दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत ओल्या. मासा बादलीतल्या शिळ्या पाण्यात ठेवून बघितला असणार, पाणी बदलून बघितलं असणार, आणि काकू यायच्या आत सगळं होतं तसं करून ठेवलं असणार. मी विचारलं नाही. काकूंनी पणत्या दाखवल्या. सरांनी एकेक हातात घेऊन पाहिल्या.

सकाळी मास्तर पाण्यावर तरंगत होता. काकू कळवळल्या. सर म्हणाले, "म्हातारा झाला होता तो. मले मालूम होतं, याले दिवायी दिसत नाई. तरी एकदा साफ घरात राहून गेला." परसात कडुनिंबाखाली त्यांनी त्याला पुरलं. हात धुताना मला एवढंच म्हणाले, "ही गोठ तुमच्या-माह्यात राह्यली पाह्यजे, मॅडम."

पुढच्या रविवारी मी खिडकीतून पाहिलं. अंगणात दोन पाट होते. सर आणि काकू समोरासमोर बसून दगड धूत होते. बादलीत साबणाचा फेस. काकू काथ्यानं घासायच्या, सर पाण्यातून काढून फडक्यानं पुसायचे. त्या सुमितचं काहीबाही सांगायच्या, सर हुं हुं करायचे. मग टाकीत स्वच्छ पाणी, स्वच्छ दगड, आणि मासा नाही.

लोक म्हणायचे, सर, दुसरा आणा की मासा. एका जुन्या विद्यार्थ्यानं गुरुपौर्णिमेला प्लास्टिकच्या पिशवीत छानपैकी जोडी आणली. काकू म्हणाल्या, "घ्या ना, एवढ्या हौसेनं आणले पोरानं." सर त्या पोरावर असे खेकसले की बिचारा पिशवी घेऊन आल्या पावली गेला. मला कारण माहीत होतं. नवा मासा आणला असता, तर साबण बंद करावा लागला असता. साबण बंद का, हे काकूंना सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा सरांनी टाकी रिकामी ठेवली. ज्या पोराचे नियम त्यांनी पाठमोरं ऐकून पाठ केले होते, त्याचे दगड ते दर रविवारी साबणात बुडताना बघत राहिले.

पुढे सरांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, खडू धरणारी. क्लास बंद झाला आणि बहिणीनं दोघांनाही अकोल्याला नेलं. टाकी नेली नाही. दगड नेले.

मी त्यांना शेवटचं भेटले ते अकोल्यात, एका रविवारीच. उन्हाळा सुरू झालेला, कूलरची घरघर. सरांची खाट आतल्या खोलीत होती. खूप वाळले होते. खिसा आता पांढरा नव्हता, तेच मला आधी दिसलं. बोलणं जड झालं होतं, पण समजायचं. "शिकवता का अजून?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते डोळे मिटून पडून राहिले.

काकू मागच्या ओट्यावर होत्या. घमेल्यात दगड, बाजूला बादली. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या तांबूस दगड घासत होत्या. मी पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं. बादलीत फेस नव्हता. हातात काथ्या नव्हता, दात घासायचा जुना ब्रश होता.

"साबण?" माझ्या तोंडून गेलं.

काकूंनी आतल्या दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "त्यायच्यासमोर लावा लागते. आता ते उठून पाहत नाईत, तं असेच धुतो. पोराच्या पद्धतीनं."

मी बादलीतल्या नुसत्या पाण्याकडे पाहिलं.

"त्याच दिवशी समजलं होतं मले," काकू म्हणाल्या. "बजारातून आलो अन पाह्यलं, बाह्या खांद्यालोक ओल्या. मासा असा आडवा पडलेला. मंग दिवायी झाल्यावर एक डाव त्या मासेवाल्याच्या दुकानात गेली. इचारलं. त्यानं सांगतलं सारं." ब्रश थांबला होता. "माह्याच हातानं मारला वं त्याले. पण त्यायनं माह्यासाठी त्याले म्हातारा केलं. मंग मी कशी सांगू, का मले मालूम हाय? त्यायची एवढी मेहनत वाया जाईन ना."

त्यांनी दगड पाण्यात बुडवला, फडक्यानं पुसला, आणि ओट्यावर उन्हात ठेवला. आम्ही दोघी रडत होतो, आवाज न करता, कारण आत सर जागे होते.

आतून हाक आली. "कुसुम. झाले का दगड?"

"झाले," काकूंनी पदरानं तोंड पुसलं. आवाज अगदी साधा होता. तांबूस दगड घेऊन त्या आत गेल्या. मी दारात उभी राहिले. काकूंनी दगड सरांच्या डाव्या हातात ठेवला. सरांनी तो छातीवर धरला आणि अंगठ्यानं हळूहळू चोळत राहिले.

"साबण लावला ना चांगला?"

"लावला."

"मंग बरोबर हाय," सर म्हणाले.